ओठाचा डावा कोपरा

थोरलीनं पहिलं तात्पुरतं काम धरलं ते बेकरीत, केकवर साखरेचे गुलाब काढायचं. मूर्तिकलेचं शिक्षण नुकतंच संपलं होतं, आई आजारी होती आणि घरात कुणीतरी कमावणारं हवं होतं. थोडे दिवस गुलाब काढू, तोवर कुणीतरी मूर्तीचं काम देईलच, असा तिचा अंदाज. कुणी दिलं नाही. गुलाब मात्र हाताला असे बसले की डोळे मिटून पाकळी वळावी.

मग कपड्यांच्या दुकानात उभे करतात ते पुतळे बनवणाऱ्या कारखान्यात तिनं नाकं घासली. पुतळा साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या नाकावर मधोमध शिवण असते, ती घासून काढायची. दिवसभर हे केलं की संध्याकाळी माणसाचं नाक बघवत नाही. मग छतांना प्लास्टरची वेलबुट्टी लावली, आणि मान वर करकरून शेवटी गळ्यात पट्टा आला. मग श्रीमंत घरच्या वाढदिवसांना जाऊन मुलांना मातीचे हत्ती करून दाखवले. मुलांना हत्तीपेक्षा ती माती एकमेकांच्या केसांत घालण्यात जास्त रस होता, आणि खरं सांगायचं तर थोरलीलाही तेच करावंसं वाटायचं.

कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "तात्पुरतं आहे." हे ऐकून ऐकून मावशी तिच्या नोकरीला नोकरी म्हणतच नसे. जिन्यात भेटली की विचारायची, तुझं तात्पुरतं कसं चाललंय. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, खालच्याच मजल्यावर राहायची. आई गेल्यापासून दिवसा वडिलांचं खाणंपिणं तीच बघायची. जिभेला हाड नाही, पण मनात काही नाही, अशातली बाई. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात बऱ्या नोकरीत होता. तो फोनवर "तुझं ते मातीचं चालू आहे ना अजून?" असं विचारी, जुना खोकला बरा झाला का विचारावं तसं.

सध्याचं तात्पुरतं दातांच्या लॅबमध्ये होतं आणि तेच सगळ्यांत चिवट निघालं. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे. त्यात प्लास्टर ओतून जबडा करायचा, त्यावर गुलाबी मेणात एकेक दात लावायचा आणि मग त्याची पक्की कवळी करायची. मालकीणबाईंचा मंत्र एकच, डावं तसं उजवं. प्रत्येक टेबलावर एक छोटा आरसा होता. लावलेले दात त्यात उलटे बघायचे, म्हणजे नेहमीच्या नजरेला न दिसणारा तिरपेपणा चटकन दिसतो. थोरलीच्या आरशात सहसा काही दिसायचं नाही, तिचे दात पहिल्याच फटक्यात सरळ. मालकीणबाई तिच्यावर खूश होत्या आणि आता कायमची हो म्हणून हात धुऊन मागे लागल्या होत्या.

घरी आली की ती खऱ्याखुऱ्या मातीला हात घालायची. पण दमलेल्या माणसाचा हात संध्याकाळी नवीन काही करत नाही, दिवसभर केलेलंच पुन्हा करतो. बेकरीच्या दिवसांत तिच्या मूर्तींच्या कानांना पाकळ्या फुटत होत्या. कारखान्याच्या दिवसांत सगळ्यांची नाकं गुळगुळीत झाली. थोरलीला तेव्हा हे कळायचं नाही. तिला फक्त एवढं कळायचं की काहीतरी बिनसलंय, आणि मग ती त्या कामावर ओलं फडकं टाकून द्यायची. खोलीच्या एका कोपऱ्यात अशी फडक्यांखालची मुंडकी रांगेनं उभी होती. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं मावशी झाडू मारताना म्हणायची. शिक्षण संपल्यापासून तिच्या हातून एकही मूर्ती पुरी झाली नव्हती.

आता मात्र फडकं टाकून चालणार नव्हतं. तिचे जुने मास्तर दरवर्षी एक प्रदर्शन भरवत. त्यात निवड झाली की पुढचं वर्षभर त्यांच्या कार्यशाळेत जागा, राहणं-खाणं आणि मातीशिवाय दुसरं काम नाही. चाळिशीच्या आतल्यांसाठीच ही सोय होती आणि पुढच्या वर्षी थोरली चाळीस वर्षांची होणार होती. मूर्ती ओल्या मातीतली चालेल, पण पुरी हवी, असं मास्तरांनी बजावलं होतं. अर्धवट काम दाराच्या आत घेणार नाही. रविवारी संध्याकाळी पाचला दार बंद.

तिनं वडिलांचं डोकं करायला घेतलं. समोर बसवायला दुसरं माणूस नव्हतं हे एक कारण, आणि वडिलांइतकं छान कुणाला बसताच यायचं नाही हे दुसरं. ते जन्मभर लिफ्टमन होते. एका स्टुलावर बसून त्यांनी हजारो लोकांना वर नेलं आणि खाली आणलं, आणि स्वतःला घर मिळालं ते बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. थोरली कामावरून आली की ते स्टूल ओढून खिडकीपाशी बसत आणि हलत नसत. मूर्तीकडे मात्र ते कधी बघत नसत. झाल्यावर बघेन, म्हणत. उठताना फक्त विचारत, "झालं का?"

या दोन शब्दांनी थोरलीचं डोकं फिरायचं. आजवरच्या प्रत्येक मूर्तीच्या वेळी त्यांनी हेच विचारलं होतं. बरं आहे म्हणा, वाईट आहे म्हणा, पण झालं का म्हणजे काय? कुकरच्या शिट्ट्या आहेत का या? ती कधी चिडून बोलली नाही, पण "नाही" असं तोडून टाकायची.

कपाळ आलं, डोळे आले, कान तर असे आले की मावशीनं लांबूनच ओळखले. अडलं ते तोंडापाशी. रोज संध्याकाळी तिच्या बोटांखाली खालच्या ओठाचा डावा कोपरा किंचित फुगून वर यायचा. ती मागे सरकायची, आरशात बघायची, आणि आरशात ते फुगणं ठळक दिसायचं. दमल्यामुळे हात एका बाजूला ओढतोय, असं म्हणून ती कोपरा दाबून सारखा करायची. डावं तसं उजवं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कोपरा वर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्या ओठाची गत झाली होती.

शनिवारी तिनं मास्तरांना हातापाया पडून घरी बोलावलं. म्हातारे मास्तर चार जिने धापा टाकत चढले, पाणी प्यायले आणि मूर्तीभोवती एक फेरी मारली. वडिलांकडे बघितलं, पुन्हा मूर्तीकडे बघितलं.

"डोळे यांचे आहेत," ते म्हणाले. "तोंड दुकानातलं आहे."

एवढंच बोलून ते पुन्हा चार जिने उतरून गेले. थोरली खुर्चीत बसली ती बराच वेळ उठलीच नाही. रडू येण्याइतकीही ताकद तिच्यात नव्हती. लॅबची कायमची नोकरी काय वाईट, असं तिच्या मनात आलं. निदान तिथं काम पुरं तरी होतं.

रविवारी सकाळी ती उठली ते सवयीनं. मूर्तीवरचं फडकं काढलं आणि कोरणी हातात धरून नुसती बघत उभी राहिली. वडील स्टुलावर येऊन बसले. थोड्या वेळानं मावशी वडिलांचं जेवण घेऊन वर आली. एका हातात मऊ भाताचं ताट, दुसऱ्या हातात पाण्याची वाटी. तिनं ताट ठेवलं, वाटी वडिलांच्या पुढ्यात सरकवली आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "काढा भाऊजी, बुडवा त्यात."

मग तिला आठवलं की आज रविवार आहे आणि थोरली घरात आहे.

वडील खिडकीबाहेर बघू लागले. मावशी पदरानं उगाच वाटीची कड पुसू लागली. थोरली त्या वाटीकडे बघत राहिली. रोज जेवताना दात काढून ठेवायची वाटी होती ती, आणि असली वाटी या घरात आहे हे तिला आजवर माहीत नव्हतं.

वडिलांची कवळी तिनं स्वतः केली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात गेले तेव्हा डॉक्टरांनी साचा घेतला, आणि पुढचं सगळं थोरलीनं सुटीच्या दिवशी लॅबमध्ये एकटीनं बसून केलं. कवळी बसल्यावर वडिलांनी आरशात दात विचकून बघितले होते आणि नवरदेव झालो म्हणाले होते. तेव्हापासून ती दर आठवड्याला त्यांच्यासाठी सफरचंदं आणायची आणि ती संपायचीही.

"सफरचंदं मी खाते," मावशी म्हणाली. तिला आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "तू कामाला गेलीस की ते दात काढतात, तू यायच्या वेळेला घालतात. मी किती वेळा सांगितलं, पोरीला सांगा म्हणून. अहो, सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची?"

थोरलीनं वडिलांना तोंड उघडायला सांगितलं. त्यांनी काही नाही गं म्हणून टाळलं. तिनं पुन्हा सांगितलं तेव्हा त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि लिफ्टचं दार उघडावं तसं निमूटपणे तोंड उघडलं.

तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तिनं जिवंत माणसाच्या तोंडात कधी बघितलंच नव्हतं. लॅबमध्ये येतात ते जबडे प्लास्टरचे, त्यांना दुखत नाही. वडिलांच्या खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला, कवळीची कड टेकते तिथं, एक जखम होती, मध्ये लाल आणि कडेनं पांढरट. ती आजची नव्हती, कालचीही नव्हती.

ती कड तिला चांगली आठवत होती. कड कुठवर ठेवायची याची खूण डॉक्टरांनी करून दिली होती. थोरलीनं ती खुणेच्या केसभर पुढे ठेवली, कारण तिथं गोलाई फार सुंदर येत होती. कवळी उलटी करून कुणी बघत नाही, पण तिनं बघितली होती, आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या हातचं काहीतरी तिला आवडलं होतं. कवळीत कला घुसली आणि मूर्तीत कवळी. एवढी वर्षं दोन दगडांवर पाय ठेवून तिनं हे मिळवलं होतं.

आणि ओठाचा तो कोपरा. कड टोचू नये म्हणून वडील कवळी जिभेनं जरा उचलून धरत होते, म्हणून तिथला ओठ फुगत होता. तिचा हात चुकत नव्हता. हातानं रोज बरोबर बघितलं होतं, आणि तिनं रोज ते चूक म्हणून दाबून टाकलं होतं. बापाचं दुखणं तिच्यासमोर स्टुलावर येऊन बसत होतं आणि ती ते मातीवरून पुसत होती. थोरलीला स्वतःची इतकी शरम वाटली की तिनं हातातली कोरणी खाली ठेवून दिली.

"सांगितलं का नाहीत बाबा?"

वडिलांचं बोलणं दातांशिवाय पातळ येत होतं. "तू केलेली ना ती."

"म्हणजे टोचलं तरी गप्प बसायचं? मग माझ्या मूर्तींचंही असंच का? मला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं बसत राहिलात?"

"मूर्तीतलं मला काय कळतंय?" वडील म्हणाले. "मी कधी छान म्हटलं का, आठवून बघ. मी आपलं झालं का विचारायचो. तुझ्या हातचं पुरं झालेलं मी एवढंच बघितलं, ही कवळी. तिला कसं नाव ठेवू?"

मावशीनं डोळ्यांना पदर लावला. पाण्यातली कवळी तिच्याकडे बघून सरळ, सारख्या दातांनी हसत होती.

मग तिनं त्यांना ओठाचं सांगितलं आणि कड घासून आणते म्हणाली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि दोन शब्दांत निकाल लावला. आधी तोंड कर, मग कवळी, म्हणाले. आज कड घासलीस तर ओठ सरळ होईल, मग तू काय बघून करशील? दोन वर्षं टोचली, आणखी दोन तासांनी काय होतंय?

आणि क्षणभर थोरलीला ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दुपार कलायला फार वेळ नव्हता. लॅब बसनं जायला लांब. त्यांना कवळी घालायला सांगायची, खिडकीपाशी बसवायचं आणि समोर दिसतंय तसं करून टाकायचं. वडील हूं की चूं करणार नव्हते. तिनं कोरणी उचललीसुद्धा. मग वडिलांनी वाटीत हात घातला, कवळी तोंडात घालण्याआधी डोळे बारीक केले, थंड पाण्यात शिरताना करतो तसे, आणि तिला ते बघवलं नाही. तिनं त्यांच्या हातातून कवळी काढून घेतली.

पिशवीतल्या लॅबच्या जांभळ्या पेन्सिलीनं तिनं त्या जखमेवर हलकी खूण केली, कवळी एकदा टेकवून बाहेर काढली, आणि गुलाबी कडेवर जांभळा ठिपका उठला. कवळी रुमालात गुंडाळून ती बस पकडायला पळाली. मागून मावशी ओरडत होती की अगं दोन घास तरी खा.

लॅबची एक किल्ली तिच्याकडे असायची. सुटीच्या दिवशी साचलेलं काम उपसणारी तीच. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं आ वासून बसले होते. तिनं दिवा लावला, घासायचं यंत्र सुरू केलं आणि ती सुंदर गोलाई घासून टाकली. गुलाबी भुकटी तिच्या मनगटावर पडत राहिली. कड आखूड झाली, जराशी ओबडधोबड दिसू लागली. तिनं बोट फिरवून बघितलं, पुन्हा थोडी घासली, गुळगुळीत केली. आरशात बघितलं नाही.

ती चार जिने पळतच चढून परत आली. वडील तसेच स्टुलावर बसले होते. तिनं कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी घातली, जबडा इकडे तिकडे हलवला. मावशीनं सफरचंदाची फोड पुढे केली. त्यांनी ती चावली, बराच वेळ चघळली आणि गिळली.

"लागत नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं.

थोरलीला इतकं हायसं वाटलं की ती भिंतीला टेकून उभी राहिली. तोंडाचं काय व्हायचं ते होवो, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आता ओठ सरळ असेल, तर सरळ करायचा. ती मूर्तीकडे वळली, पुन्हा वडिलांकडे बघितलं आणि थबकली. खालच्या ओठाचा डावा कोपरा तसाच होता, किंचित फुगून वर आलेला.

"बाबा, अजून दुखतंय?"

"नाही गं. खरंच नाही."

"मग ओठ असा का धरलाय?"

"कसा?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"जित्याची खोड," मावशी म्हणाली, आणि उरलेलं सफरचंद घेऊन बसली.

थोरलीनं आरसा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग बोटं ओली केली आणि त्या कोपऱ्याला हात घातला. या वेळी दाबायचं नव्हतं. आत एक जीभ आहे, ती काहीतरी उचलून धरते आहे, आणि बाहेर कुणाला कळू नये म्हणून बाकीचा चेहरा शांत ठेवला आहे. एवढंच करायचं होतं. हे बेकरीत शिकवलं नव्हतं आणि लॅबमध्येही नाही, पण हाताला ते आधीपासून येत होतं. खाली मावशीनं बोलावलेली टॅक्सी हॉर्न वाजवू लागली तेव्हा तिची बोटं थांबली. तिनं मूर्तीकडे बघितलं. त्या ओठात आता बदलायला काही उरलं नव्हतं, आणि असं पूर्वी कधी झालं नसल्यामुळे तिला आधी काही चुकल्यासारखंच वाटलं.

वडील गुडघ्यांवर हात टेकून उठले. "झालं का?"

तिनं फडक्याला हात पुसले. "झालं."

ते स्टूल बाजूला सारून आले आणि पहिल्यांदाच मूर्तीसमोर उभे राहिले. हॉर्न पुन्हा वाजला, पण त्यांनी घाई केली नाही. कपाळ बघितलं, डोळे बघितले, कान बघितले. तोंडापाशी आले तेव्हा त्यांचं बोट पुढे झालं आणि ओल्या मातीला लागायच्या आत थांबलं. मग तोच हात त्यांनी स्वतःच्या डाव्या गालावर ठेवला.

"याला अजून टोचतंय," ते म्हणाले.